भरवशाचे भांडवल

महिपती न्हाव्याचा वस्तरा गळ्याच्या घाटीवर टेकला होता आणि कुंडलिक श्वास धरून मान मागे टाकून बसला होता, नेमका तेव्हाच महिपती म्हणाला, "सायेब, एक बोलू का? दत्तोबाला तुमी आसा मारला की रगताचा ठिपका न्हाय पडला कुठं." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. फडावरून परतलेला माणूस एखाद्या पैलवानाचा डाव वाखाणतो, तसा तो वाखाणत होता. वस्तरा हलकेच वर सरकला, साबणाचा फेस त्याने स्वतःच्या मनगटावर पुसला आणि पुन्हा गळ्यापाशी आला. "बारामतीत लई शेठ आलं नि गेलं. पर आसं डोकं न्हाय बघितलं. निस्तं मोटारीचं भाडं उतरवायचं नि बघत बसायचं. मानूस आपसूक जातंय." कुंडलिकला बोलता येत नव्हते. गळ्यावर पाते असताना कोणी वाद घालत नाही. आरशात त्याला स्वतःचा अर्धाच चेहरा दिसत होता, उरलेला अर्धा पांढऱ्या फेसात होता, आणि त्या फेसावरचे डोळे आपल्याकडे कौतुकाने बघताहेत असे त्याला क्षणभर वाटून गेले. तुरटीचा खडा फिरवून झाल्यावर तो उठला, भिगवण रस्त्याच्या तोंडाशी चैत्राच्या उन्हात उभा राहिला, आणि कारण नसताना त्याने बोटांनी गळा चाचपून पाहिला. कुठे कापले नव्हते. महिपतीचा हात चांगला होता.

कुंडलिक कऱ्हाकाठ ट्रान्स्पोर्टचा मॅनेजर. पिंपळीच्या बागाईतदाराचा हा मुलगा पुण्याला जाऊन आधी तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाला होता. तत्त्वज्ञानावर पोट भरत नाही असे सगळ्यांनीच सांगितल्यावर त्याने वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि काही वर्षे कॉलेजात शिकवलेही. तिथेच त्याने व्यापाराच्या धोरणावर एका मासिकात लेखमाला लिहिली होती. बाजार, भांडवल, वेळ आणि प्रतिस्पर्धी, अशा चार खांबांवर त्याने ते शास्त्र उभे केले होते. मराठीत असे कोणी लिहिले नव्हते, आणि ते वाचून कंपनीचा मालक रामहरीशेठ त्याला न्यायला स्वतः पुण्याला आला. रामहरी म्हणजे पूर्वी कन्हेरी गावची भाजी बैलगाडीने स्टेशनावर आणणारा गडी. आता त्याच्या मालमोटारी नीरा कालव्याच्या पाण्यावर पिकलेली वांगी, भेंडी, केळी पुण्याच्या मंडईत नेत होत्या. "तुमी लिवलंय त्ये मला निम्मं कळलं," तो म्हणाला होता, "पर जे कळलं त्ये मला ठाव हुतं. मला फकस्त नाव म्हाईत न्हवतं." कुंडलिकला त्या वेळी ते फार आवडले होते. वर्गातल्या फळ्यावरचे शास्त्र डांबरी रस्त्यावर चालणार, चाकांवर चालणार, याचा त्याला आनंद झाला होता.

दत्तोबाच्या दोन मोटारी होत्या. रामहरीच्या जास्त होत्या, पण भाजीवाले दत्तोबाकडे जात, कारण तो माल स्वतः हाताने रचत असे आणि मंडईत दलालाशी भांडत असे. कुंडलिकने योजना आखली. आपण भाडे उतरवायचे, इतके की आपल्यालाही ते परवडू नये. आपल्याला तोटा सोसेल, त्याला सोसणार नाही. एक हंगाम. मग मैदान मोकळे. योजना साधी होती, कायद्याच्या कुठे आड येत नव्हती, आणि तिच्यात कोणाचे वाईट चिंतलेले नव्हते. दत्तोबा हा तिच्यात माणूस नव्हताच, तो चौथा खांब होता. त्या थंडीत एकदा स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात दत्तोबा समोर येऊन बसला. डोळे तांबडे, मफलर कानाला गुंडाळलेला, आणि तरी हसत होता. त्याने आपला चहा बशीत ओतला, निम्मा कपात ठेवला आणि तो कप कुंडलिककडे सरकवून म्हणाला, "घ्या सायेब. आता एक विचारतो, राग मानू नगा. तुमाला ह्ये भाडं परवडतंय कसं? मी लई डोकं खाजीवलं, पर हिशेबच लागंना. माजंच कायतरी चुकत आसंल." त्या वेळी कुंडलिकने तो चहा घेतला. गोड होता, आलं घातलेला होता. आणि तो म्हणाला, "मोठ्या धंद्याचं गणित वेगळं असतं." एवढेच. परवडत नाही, आम्हालाही परवडत नाही, ही तुझी चूक नाही, हे एक वाक्य त्याच्या तोंडात होते आणि ते त्याने चहाबरोबर गिळले. कारण प्रतिस्पर्ध्याला आपला तोटा कळता कामा नये. हे त्याने स्वतःच लिहिले होते.

दत्तोबाने मग ड्रायव्हर काढला, क्लीनर काढला, एक मोटार उभी करून टाकली आणि दुसरी स्वतः चालवू लागला. जायचा, माल उतरवायचा, तसाच परतायचा, पुन्हा भरायचा. माघात दिवे घाटात पहाटेच्या धुक्यात मोटार वळणावरून सरळ गेली. ब्रेक लागला नाही म्हणतात, डोळा लागला म्हणतात. दोन्ही खरे असेल. खाली दरीत वांगी नि दुधी भोपळे विखुरले होते आणि त्यांतला एकही फुटलेला नव्हता, असे पाहून आलेल्यांनी सांगितले. ही बातमी कुंडलिकला कंपनीच्या आवारात कळली. जवळच्या पिंपाच्या पाण्यात त्याने हात बुडवला होता, पाणी बर्फासारखे होते, आणि सांगणाऱ्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत त्याच्या मनात स्पष्ट, कोरड्या अक्षरांत विचार उमटला होता: म्हणजे आता भाडे वाढवायला होळीपर्यंत थांबायला नको. त्यानंतर दुःख आले. खरेखुरे आले, तो भिंतीला टेकला. पण ते दुसरे आले. पहिला आला तो भाड्याचा विचार. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही पुरती सांगितली नव्हती, आणि आज महिपतीच्या वस्तऱ्याने ती साबणाखालून उघडी केली होती.

घरी बायकोने, द्वारकाने, ताट वाढले. ती निमगावची, इंदापूर तालुक्यातली, पानमळ्यांच्या गावची. रागावली की गप्प बसायची आणि गप्प असली की भाकरी पातळ व्हायची. "महिपती न्हावी म्हणतो, मी दत्तोबाला मारलं," कुंडलिक म्हणाला. तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मग?" "मग काय? खरं का?" द्वारकाने चुलीतले लाकूड पुढे सारले. "मला कशाला इचारता? तुमी एवढं शिकलाय. त्यात आसंल की कुठंतरी लिवल्यालं." ती टोचून बोलत नव्हती. तिला खरेच वाटत होते की एवढ्या मोठ्या शिक्षणात याचे उत्तर कुठेतरी असेलच. कुंडलिकने घास गिळला. पुण्याला तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक म्हातारे प्राध्यापक होते, दमेकरी, शिकवताना मध्येच थांबायचे. माणसाला कधी नुसते साधन मानू नये, हे सांगताना ते खोकल्याने इतके हैराण झाले होते की वर्ग हसला होता, आणि कुंडलिकही हसला होता. ते वाक्य परीक्षेत त्याने बिनचूक लिहिले. मग शाखा बदलली आणि वाक्य त्या बाजूला राहिले. दोन कॉलेजांच्या मध्ये एक रस्ता होता फक्त. तो रस्ता ओलांडताना माणूस काय काय टाकून येतो!

त्या चैत्रात त्याला दुसरे काही सुचेना. मोटारींचे आवाज, डिझेलचा वास, ओल्या गोणपाटांचा वास, आणि या सगळ्याच्या आत एकच विचार कण्यात दुखणे भरावे तसा भरून राहिलेला. आपले शास्त्र अपुरे आहे. चार खांबांवर छप्पर उभे राहते, पण त्याखाली कोण राहणार हे त्यात कुठे आहे? मराठीत बोलताना आपण राजनीती म्हणतो, व्यापारनीती म्हणतो, आणि ज्याने कधी कोणाला फसवले नाही त्यालाही नीतीचा माणूस म्हणतो. एकच शब्द. त्याला दोन खोल्यांत कोणी राहायला लावले? आपल्या लेखमालेला जोडून पाचवे प्रकरण लिहायचे त्याने ठरवले. प्रतिस्पर्धी कोण? तोही सकाळी उठतो, त्यालाही हिशेब लागत नाही, तोही निम्मा चहा देतो. धोरण आखताना त्याला माणसाच्या जागी बसवले तर धोरण बदलते का? आणि बदलले तर धंदा बुडतो का? बुडत नाही, असे त्याला सिद्ध करायचे होते. लोकांचा भरवसा हेही भांडवलच आहे, फसवणुकीने ते आटते आणि सचोटीने वाढते, असे तो मांडणार होता. हे सुचले तेव्हा त्याला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. जणू दत्तोबा दरीतून चढून वर आला होता आणि म्हणत होता, हां, आता लागला हिशेब.

आणि नेमका तेव्हाच रामहरीशेठने इंदापूरचा विषय काढला. निमगावची पाने पुण्याला नेणारा सर्जेराव धंदा कोळून प्यालेला गडी होता. दोन मोटारी, गावचा पाठिंबा, आणि तिन्हीसांजेला भरलेली पाने उजाडायच्या आत पुण्यात. रामहरी म्हणाला, "ती लाईन आपल्याला पायजे. दत्तोबावानी करायचं. भाडं उतरवा." कुंडलिक उठून उभा राहिला. आपण उठलो हे त्याला नंतर कळले. "नाही शेठ. ते मी पुन्हा करणार नाही." आणि मग तो बोलत सुटला. इतके दिवस साठलेले सगळे त्याने रामहरीच्या पुढ्यात ओतले. माणूस, साधन, नीती, भरवसा. सर्जेरावला पाडायचे नाही, त्याला बरोबर घ्यायचे. त्याला सगळे खरे सांगायचे, आपला तोटा-नफा उघडा करायचा, त्याला भागीदार करायचे. पानांची गाडी रोज सुटेल, बाकी कुठलाही माल असो, पाने आधी. पानमळेवाल्यांना विचारल्याशिवाय भाडे वाढवायचे नाही. त्याचे ड्रायव्हर काढायचे नाहीत. रामहरी मांडी घालून ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू गंभीर झाला, आणि कुंडलिकला वाटले, आज प्रथमच कोणीतरी आपले ऐकून घेत आहे. शेवटी रामहरी म्हणाला, "दत्तोबाच्या घरी मी जोंधळं पाठिवलं हुतं. त्येच्या बायकूनं, कुशाबाईनं, त्ये उंबऱ्याच्या आत बी घितलं न्हाय. मला बी झोप न्हाय, सायेब." मग थोडे थांबून म्हणाला, "तुमी म्हनता तसंच करू. जावा निमगावला. तुमच्या सासुरवाडीचं गाव. तुमीच सांगा त्येला." "लेखी करून घ्यावं म्हणतो," कुंडलिक म्हणाला. रामहरी खिन्न हसला. "तुमी भरवशाचं बोलताय, नि कागद मागताय?"

सर्जेराव द्वारकाचा चुलतचुलता. ती त्याला तात्या म्हणे, म्हणून कुंडलिकही तात्याच म्हणे. यष्टीतून उतरून तो आणि द्वारका पानमळ्यात गेली तेव्हा वैशाखाचे ऊन रस्त्यावर तडतडत होते आणि मळ्यात पाऊल टाकताच अंगावर ओला गारवा आला. शेवरीवर चढलेल्या वेली, हिरवा काळोख, पायाखाली भिजलेली माती. तात्याने फेटा काढून मांडीवर ठेवला होता. त्याने सगळे ऐकले. कुंडलिकने त्याला दत्तोबाचे सांगितले, तो तोटा कसा मुद्दाम सोसला ते सांगितले. "मी ते पुन्हा होऊ देणार नाही, तात्या. म्हणून आधी तुमच्याकडं आलो." एक वेल निसटून खाली लोंबत होती, तात्याने उठून ती लव्हाळ्याने परत बांधली. मग म्हणाला, "रामहरीचा मानूस मागं दोनदा आला हुता. मी त्येला पानी बी न्हाय इचारलं. आमी हितं गावानं इचार केला हुता, भाडं उतरीवलं तर उतरू द्या, आमी येका इचारानं ऱ्हानार. दत्तोबा येकला हुता म्हनून मेला. आमी येकलं न्हाय." "मग?" "मग काय. तुमी आला. रामहरीचा शबुद मी घेत न्हाय, जावईबापू. तुमचा घेतो." द्वारकाने पदर पुढे ओढला आणि तात्याच्या पाया पडली. परतताना यष्टीत ती खिडकीशी बसली होती, वाऱ्याने केस उडत होते, आणि ती कधी नव्हे ती माहेरची कसलीशी ओवी पुटपुटत होती. कुंडलिकला वाटले, हे खरे शास्त्र. हे लिहिता येईल. आयुष्यात माणसाला असा एखादा दिवस मिळतो आणि तो आपल्याला मिळाला.

तात्याच्या मोटारी कंपनीत आल्या. काही दिवस पाने वेळेवर गेली. कुंडलिक पाचवे प्रकरण लिहीत होता, आणि निमगाव हे त्याचे उदाहरण होते. मग तिकडे नव्या साखर कारखान्याचे बांधकाम निघाले, सिमेंट नि लोखंड वाहून न्यायचे काम आले, आणि एका सकाळी निमगावच्या दोन्ही मोटारी तिकडे गेल्या. चार दिवसांसाठी, असे सांगण्यात आले. तात्याचे ड्रायव्हर सिमेंट वाहायला नाही म्हणाले, त्यांना कमी करण्यात आले. चार दिवसांचे पंधरा झाले. पाने रस्त्याच्या कडेला करंड्यांत राहिली. पाणी शिंपडले, ओली गोणपाटे टाकली, पण ज्येष्ठाच्या उन्हापुढे गोणपाटाचे काय चालणार? वरची पाने पिवळी, आतली काळी. गावाने दुसरी मोटार शोधली, तर त्या रस्त्याला दुसरी मोटार उरली नव्हती. मग कंपनी अधूनमधून एक गाडी पाठवू लागली, दुप्पट भाड्याने, आणि गावाला ते द्यावे लागले. हे सगळे कुंडलिकला एकदम कळले नाही. त्याला मधल्या काळात पुण्याच्या कचेरीत पाठवण्यात आले होते. परत आला तेव्हा द्वारका बोलत नव्हती. ताट वाढायची, उचलायची. शेवटी तिने एवढेच सांगितले, "गावानं तात्याला वाळीत टाकल्यागत केलंय. पानी भरायच्या पाळीला बी कुनी हाक मारंना. म्हनत्यात, त्येनं गाव इकलं." मग म्हणाली, "मी पाया पडले हुते."

रामहरी आवारात टायर तपासत होता. कुंडलिक बोलला तेव्हा त्याचा आवाज चिरकला आणि दोन हमाल वळून बघू लागले. "शेठ, मी शब्द दिला होता." रामहरीने टायरवर हात थापटला. "दिला हुता म्हनून तर काम झालं." "म्हणजे तुम्ही तेव्हाच..." "न्हाय. तवा मनापासनं बोललो. द्येवाशपत. मग कारखान्याचं काम आलं. न्हाय म्हनलो आसतो तर पुन्यावरनं दुसरा आला आसता, दांडगा. त्येनं माजा दत्तोबा क्येला आसता." तो उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी शोधण्याचा कुंडलिकने प्रयत्न केला, पण तिथे थकवा होता, आणि काळजी होती, आणि कुंडलिकविषयी थोडी माया होती. "माज्या मोटारींवर किती घरं जगत्यात, त्ये तुमाला ठाव हाय. ती बसली आसती. तुमच्या फिलसुफीत ह्येला काय उत्तर हाय, सांगा. मी आयकतो." रामहरीने खरेच थोडा वेळ वाट पाहिली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुमीच म्हनला हुता, भरवसा ह्ये भांडवल हाय. मला त्ये पटलं. लई पटलं. पर भांडवल हाय तर त्ये लावायचं, का पुरून ठिवायचं?"

कुंडलिक त्याच दिवशी नोकरी सोडून निघाला. रामहरीने अडवले नाही, वाईटही बोलला नाही. बाजारपेठेत लोकांनी रामराम केला. महिपतीच्या दुकानात खुर्ची रिकामी होती, पण तो पुढे गेला. आपण सोडून आलो याने काय बदलले, हे तो चालता चालता मोजू पाहत होता आणि हाती काहीच लागत नव्हते. तात्याला पाडायला भाडे उतरवायची गरज लागली नव्हती. तोटा सोसावा लागला नव्हता. दत्तोबाच्या वेळचा डाव किती खर्चाचा होता, किती ओबडधोबड! हा डाव फुकटात झाला, आणि तो कोणी आखलाच नव्हता. तो चांगुलपणाने घडला होता. त्याच्या पाचव्या खांबावर छप्पर अधिक बळकट उभे राहिले होते. कालव्याच्या पुलावर तो थांबला. खाली पाणी भरून चालले होते, गढूळ, सरळ, कोणाच्या तरी शेतात. आपण वाईट असतो तर तात्या वाचला असता, असा विचार आला, आणि या वेळी तो पहिलाच विचार होता, आणि दुसरा कुठला आलाच नाही.

निमगावला तो एकटाच गेला. द्वारका म्हणाली, "मी कोनत्या तोंडानं यिऊ?" तात्या घरी नव्हता, मळ्यातही नव्हता. मारुतीच्या देवळापुढच्या कट्ट्यावर एका टोकाला बसला होता, आणि दुसऱ्या टोकाला गावचे पाच-सहा जण बसले होते, मधली जागा मोकळी होती. कुंडलिक त्या मोकळ्या जागी जाऊन बसला. "तात्या, मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. तात्याने त्याच्याकडे पाहिले. दाढी वाढली होती. "ठाव न्हवतं, त्ये मला ठाव हाय," तो म्हणाला. "ठाव आसतं तर तुमच्या डोळ्यांत दिसलं आसतं. मग मी व्हय म्हनलोच नसतो." त्याने कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. मग तात्या म्हणाला, "येक करा. मला कायबी नगं. ह्या लोकांस्नी सांगा, शबुद कुनाचा हुता. मी गाव इकलं न्हाय, येवढं सांगा."

कुंडलिक उभा राहिला. दुपार कलली होती. लोक जवळ सरकले, मळ्याकडून आणखी दोघे आले, फुलाबाई नावाची एक म्हातारी पानांच्या रिकाम्या करंडीवर टेकली. त्याने सगळे सांगितले. दत्तोबापासून सांगितले. आपण योजना कशी केली, मग पस्तावा कसा झाला, मग नवे धोरण कसे मांडले, तात्याला कसा शब्द दिला, आणि तो शब्द कसा वापरला गेला. तात्याचा दोष नाही. दोष माझा. बोलताना त्याच्या लक्षात आले की आपण योग्य जागी थांबतो आहोत, आवाज खाली नेतो आहोत, दत्तोबाच्या चहापाशी आल्यावर किंचित थांबून मग पुढे जातो आहोत. वर्गात शिकवताना मिळवलेली ती सगळी कला आपसूक धावून आली होती. तो खरे बोलत होता, पण ते खरे आता ऐकणाऱ्यावर काय काम करते आहे हे त्याच्या आतले कोणीतरी बाजूला उभे राहून, डोळे बारीक करून पाहत होते. लोकांच्या चेहऱ्यावर राग उमटेल, कोणीतरी उठून कानाखाली देईल, निदान थुंकेल, असे त्याला वाटत होते. तसे झाले असते तर बरे झाले असते. त्याला हवे होते ते. म्हणजे यातही त्याला काहीतरी मिळवायचे होते. हे कळताच तो बोलायचा थांबला, वाक्याच्या मध्येच, आणि पुढचे वाक्य त्याला आठवेना.

गावच्या जावयाला कसे बोलायचे, हा लोकांपुढे प्रश्न होता. कोणीतरी खाकरले. एकाने तात्याकडे तंबाखूची पिशवी सरकवली, तात्याने ती घेतली. एवढे मात्र झाले. मग फुलाबाईने करंडीवर बसल्या बसल्या विचारले, "त्ये समदं खरं, बाबा. मग आज खुडल्याली पानं कोन नेनार?"

तिच्या विचारण्यात खोच नव्हती. तिला वाटले होते, एवढा शिकलेला माणूस बारामतीहून उन्हातान्हाचा आला, एवढे बोलला, म्हणजे शेवटी याचेच उत्तर सांगायला आला असणार. बाकीच्यांनीही माना वर केल्या. त्या सगळ्या डोळ्यांत अजून भरवसा होता, थोडासा, तळाशी राहिलेल्या पाण्यासारखा, आणि तो आपल्यावरच आहे हे पाहून कुंडलिक भिऊन एक पाऊल मागे सरकला. "यष्टीच्या टपावर..." तो म्हणाला. "चार करंड्या जात्यात," कोणीतरी म्हणाले. "बाकीची?"

त्याच्यापाशी मोटार नव्हती. त्याच्यापाशी नोकरीही नव्हती. काही नव्हते. लोक थोडा वेळ थांबले, मग एकेक उठले. कोणाची पाण्याची पाळी होती, कोणाला जनावरे सोडायची होती. जाताना एक जण तात्याला म्हणाला, "चला, करंड्या सावलीला तर वढू." तात्या गुडघ्यावर हात टेकून उठला, फेटा डोक्यावर ठेवला आणि त्याच्यामागे दोन पावले गेला. मग काहीतरी आठवल्यासारखा वळला. कुंडलिक अजून तिथेच उभा होता, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा.

"बसा, जावईबापू," तात्या म्हणाला. "तुमच्या गाडीला येळ हाय अजून."